आपण न खोदलेल्या विहिरी

“पाणी आले” आणि “पाणी गेले” ही दोन वाक्ये आपल्या घरांत दिवसातून किती वेळा उच्चारली जातात, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. काही घरांत तर पाण्याचे नावही घेतले जात नाही; “नळ आला”, “नळ गेला” एवढ्यावर भागते. वाक्ये साधी आहेत, परंतु त्यांच्या रचनेकडे थोडे लक्ष द्यावे. एका पिढीपूर्वी याच घरांत “आईने पाणी आणले”, “वहिनीने पाणी भरले”, “थोरलीने चार कळश्या शेंदल्या” अशी वाक्ये बोलली जात. त्या वाक्यांना कोणीतरी माणूस कर्ता म्हणून लाभला होता. आजच्या वाक्यात पाणी आपणहून येते आणि आपणहून जाते. ते आणणारा कोणी आहे, याची खूण आपल्या भाषेतूनही पुसली गेली आहे.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न असता, तर त्यासाठी या त्रैमासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड करून पाहावी. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. शब्दाच्या पोटात भावनेचा उल्लेखच नाही. आहे तो जाणण्याचा. आणि हे एका दृष्टीने दिलासादायक आहे. “कृतज्ञ राहा” असा उपदेश व्यासपीठावरून कितीही वेळा केला, तरी भावना हुकमाने उमलत नाही. ज्ञान मात्र मिळवता येते, मुलांना देता येते, विसरले तर पुन्हा उजळता येते. म्हणून कृतज्ञता शिकता येते. घरातल्या नळासारख्या अगदी सामान्य सोयीच्या बाबतीत ती कशी शिकावी, याचा थोडा विचार करू या.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. मिळालेला उपकार ओळखावा, तो बोलून दाखवावा आणि आपल्या ऐपतीप्रमाणे योग्य वेळी त्याची फेड करावी. कृतघ्नतेचा विचार करताना त्यांनी हाच क्रम उलटा लावला आहे. फेड न करणे ही पहिली पायरी, उपकार मान्य न करणे ही दुसरी. परंतु सर्वांत खालची, सर्वांत गंभीर पायरी म्हणजे उपकार झाला आहे हेच न ओळखणे, मग ते विस्मरणामुळे का असेना. खाल्ल्या घराचे वासे मोजणाऱ्याला आपण कृतघ्न म्हणतो. परंतु त्याला निदान आपण कोणाच्या तरी घरी जेवलो हे माहीत असते. नळाखाली बादली लावून आत निघून जाणाऱ्याला ते माहीतच नसते. त्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला फक्त ठाऊक नसते. त्यामुळेच हा दोष आपल्या सदसद्विवेकबुद्धीला टोचत नाही आणि प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी कोणाच्या ओठांवरही येत नाही.

या ठिकाणी एक सोपी वाट मोहात पाडते. “सोयींनी आपल्याला बिघडवले, विहिरीवरचे ते दिवसच बरे होते,” असे म्हणून हळहळायचे. या हळहळीत सहभागी होणे मला जमत नाही. माझे बालपण वसईतल्या वाडीत गेले. विहिरीचे पाणी गोड होते, कप्पीचा आवाज कानांना सुखद होता, हे सारे खरे. पण ते पाणी माझ्या बहिणी आणीत होत्या आणि त्यांतल्या थोरलीची शाळा सातवीनंतर सुटली, कारण घरात आजारी आजी होती, दावणीला गुरे होती आणि पाणी भरायला आणखी कोणी नव्हते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे डोक्यावर पंधरा किलोंचे ओझे. विहिरीच्या आठवणींनी गहिवरून येणाऱ्यांमध्ये पुरुषांची संख्या मोठी असते, स्त्रियांची थोडी, याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. शिवाय पाणवठ्यावरून केवळ पाणी येत नसे, पटकीही येत असे. घरात नळ आला तेव्हा मुलींच्या डोक्यावरचा हंडा उतरला आणि हातांत पाटी-पुस्तक आले. तेव्हा सोय ही कृपाच आहे. तिला पापाच्या यादीत टाकणे हीदेखील एक प्रकारची कृतघ्नताच ठरेल.

असिसीकर संत फ्रान्सिसने आपल्या सृष्टिगीतात पाण्याला बहीण म्हटले. आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या पाणी घरात आणले ते बहिणींनीच. नळाने त्या बहिणींना मोकळे केले. प्रश्न इतकाच उरतो, की त्यांच्या जागी आता हे काम कोण करतो?

मुंबईपुरते बोलावयाचे तर १८६० साली विहार तलावाचे काम पूर्ण झाले. १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा हे तलाव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला. नारायण विष्णू मोडक या अभियंत्याचे नाव त्याला दिलेले आहे. पुढे अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा यांची भर पडली. आज सात तलावांमधून साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी दररोज महानगरात येते. तुरटीच्या साहाय्याने त्याचा गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात, क्लोरीनने ते निर्जंतुक करतात आणि उंचावरच्या जलकुंभांत साठवतात. मग पहाटे, आपण झोपेत असताना, कोणी एक कर्मचारी हातात लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यावरचे झाकण उघडतो, व्हॉल्व्ह फिरवतो आणि आपल्या गल्लीला पाणी सोडतो. दीड शतकापूर्वी दगड फोडणाऱ्या मजुरापासून आज पहाटे चावी फिरवणाऱ्या हातापर्यंत ही माणसांची एक रांगच आहे. आपल्या वाक्यातून हरवलेला कर्ता तो हाच. तो एक नाही, अनेक आहेत. आणि त्यांतल्या एकाचेही नाव सहसा आपल्याला ठाऊक नसते.

यावर आमच्या धर्मग्रामातील एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले, “फादर, मी पाणीपट्टी वेळेवर भरतो. मग आभार कोणाचे मानू?” प्रश्न रास्त आहे. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूबद्दल कृतज्ञता असावी काय? मला वाटते, पाणीपट्टी भरल्याने कचेरीचा हिशेब पूर्ण होतो, माणसांचा होत नाही. आपण डॉक्टरांची फी देतो, शिक्षकांना शाळा पगार देते, तरीही बरा झालेला रुग्ण आणि घडलेला विद्यार्थी आपण त्यांचे ऋणी आहोत असेच मानतात. मोबदला हा कामाचा असतो; त्या कामामुळे आपल्या आयुष्यात जे घडले, त्याची पावती कोणत्याच खिडकीवर मिळत नाही. पवित्र मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना आपण देवाच्या औदार्याचा उल्लेख करतो आणि त्याच प्रार्थनेत मानवी श्रमांचाही करतो. ख्रिस्तसभेने हे दोन कर्ते कधी एकमेकांपासून तोडले नाहीत. युखरिस्त या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे, आणि त्या उपकारस्तुतीत शेतकऱ्याचा घाम वगळलेला नाही. केवळ “देवाची कृपा” म्हणून हात जोडणे आणि देवाने ज्यांच्या हातून ती कृपा पाठवली त्या हातांकडे पाठ फिरवणे, हे भक्तीचे लक्षण म्हणता येणार नाही.

या संदर्भात जुन्या करारातील एका प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात तो आला आहे. दावीद राजा युद्धाच्या धामधुमीत असताना बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे, असे त्याला वाटले. बेथलेहेम तेव्हा पलिष्ट्यांच्या ताब्यात होते. त्याचे तीन वीर शत्रूची फळी फोडून गेले आणि ते पाणी घेऊन आले. दावीदाने मात्र ते प्यायला नकार दिला आणि परमेश्वरापुढे ओतून टाकले. त्या पाण्यात त्याला, जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचे रक्त दिसले. वरवर पाहता वाटते, त्याने त्यांचे कष्ट मातीमोल केले. प्रत्यक्षात त्या पाण्याची किंमत त्या छावणीत त्याच्याइतकी कोणी ओळखली नसेल. आपण आपल्या घरचे पाणी ओतून टाकावे, असे या कथेचे तात्पर्य नाही. परंतु या पाण्यापायी कोणाचा जीव तर जात नाही ना, हे विचारण्याची सवय तिच्यातून अवश्य लागावी.

आणि जीव जातात. घरात आलेले पाणी घराबाहेरही जाते, याचा विचार आपण त्याहूनही कमी करतो. मोरीतून, शौचालयातून गेलेले पाणी गटारात तुंबते, तेव्हा ते मोकळे करावयास आजही कोठे कोठे माणूस खाली उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. तरीही विषारी वायूने गुदमरून मरण पावलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपल्या सोसायटीची टाकी उपसण्याचे काम सर्वांत कमी पैसे सांगणाऱ्याला देताना, तो यंत्र आणणार की माणूस उतरवणार, हे आपण विचारतो काय? दावीदाला दिसले ते आपल्याला दिसावे, यासाठी राजा असण्याची गरज नाही. सोसायटीचा सभासद असणे पुरेसे आहे.

आता कृतज्ञतेच्या आणखी एका रूपाकडे वळावयाचे आहे. ते आपल्या घरांत फार प्रचलित आहे आणि माझ्या मते सदोष आहे. मुलाने पाणी सांडले की आपण म्हणतो, “तिकडे मराठवाड्यात लोकांना प्यायला पाणी नाही, तुला मिळते आहे त्याबद्दल देवाचे आभार मान.” हेतू चांगला असतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा दहा वाघिणींमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहरी प्रमाणाने मोजले तर ते पावणेचार हजार माणसांना एक दिवस पुरावे एवढेच. ही माहिती मुलांना जरूर सांगावी. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष “आपण किती सुखी” एवढाच असेल, तर आपली कृतज्ञता दुसऱ्याच्या तहानेवर पोसली जाते. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहिलेला परूशीही प्रार्थनेचा आरंभ देवाचे आभार मानूनच करतो. आपण इतरांसारखे नाही, हे त्याच्या आभारांचे कारण होते. आपणही इतरांसारखे तहानलेले नाही म्हणून आभार मानू लागलो, तर आपण त्याच्याच शेजारी जाऊन उभे राहतो.

मग योग्य रीत कोणती? मला ती अशी दिसते. माझ्या वाट्याला आलेल्या पाण्याला मी देणगी म्हणावे आणि माझ्या शेजाऱ्याच्या वाट्याच्या पाण्याला त्याचा हक्क म्हणावे. आपण बहुधा याच्या उलट वागतो. आपले पाणी एक दिवस चुकले तर हक्काची भाषा आपल्या तोंडी येते. दुसऱ्याला ते मिळाले तर त्याच्यावर उपकार झाले, असे आपल्याला वाटते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी शुद्ध पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तेच ठामपणे मांडले. तरीही आपल्या देशात नळयोजनांसाठी धरले जाणारे प्रमाण पाहा. शहरांसाठी सर्वसाधारणपणे माणशी दररोज १३५ लिटर; २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी माणशी ५५ लिटर. पाच माणसांच्या घराचा हिशेब केला तर शहरात पंधरा लिटरचे पंचेचाळीस हंडे आणि खेड्यात अठरा. तेही योजना पूर्ण झाली आणि नळाला पाणी राहिले तर.

आपल्या घराजवळचेच उदाहरण घ्यावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर वसईच्या हरित पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने नव्या वसाहतींकडे वाहून नेले जाऊ लागले, तेव्हा आपली माणसे रस्त्यावर उतरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांचा तो लढा आपल्या समाजाच्या इतिहासाचा अभिमानास्पद भाग आहे. आज वसई-विरारच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा सूर्या प्रकल्पातून येतो. तो प्रकल्प मुळात पालघर-डहाणूकडील शेतीच्या सिंचनासाठी उभारला गेला. त्यासाठी आदिवासी कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली. आणि ते पाणी शहरांकडे वळवले जाते म्हणून तेथील शेतकऱ्यांनी आंदोलने केली. “आमचे पाणी नेऊ नका” हे वाक्य काल आपले होते, आज ते त्यांचे आहे. मुंबईचीही कथा वेगळी नाही. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरांना पाणी देऊ नये, असे म्हणणे अविचाराचे होईल. शहरातही गरिबांचीच तहान मोठी आहे. पण ज्यांच्या अंगणातून आपले पाणी येते, त्यांची बाजू मांडली जाते तेव्हा आपण कान बंद करून घेऊ नयेत, एवढी अपेक्षा कृतज्ञतेकडून करता येईल.

याकोबाच्या विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. पुन्हा पाणी शेंदावयास येथवर यावे लागू नये, असे पाणी तिने प्रभूकडे मागितले. आजच्या भाषेत तिने घरात नळ मागितला असे म्हटले तरी चालेल. प्रभूने तिच्या या मागणीचा उपहास केला नाही. भर दुपारी हंडा वाहणाऱ्या स्त्रीचे कष्ट त्याला कळत होते. परंतु त्याआधी त्याने स्वतः तिच्याकडे पाणी मागितले होते. ज्या लोकांच्या भांड्याला यहुदी माणूस हात लावीत नसे, त्यांच्या भांड्यातून पिण्याची त्याने तयारी दाखवली. महाराष्ट्रात ही कथा वाचताना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे जोतीराव फुले आठवावेत आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवावेत. आपल्या भूमीवर पाण्याची टंचाई केवळ पावसाने निर्माण केलेली नाही. माणसांनीही ती निर्माण केली. आणि आजही आपल्या एखाद्या ख्रिस्ती घरात मोलकरणीसाठी किंवा कचरा नेणाऱ्यासाठी मांडणीवर वेगळा पेला ठेवलेला असेल, तर त्या घरातील उपकारस्तुती कंठातच अडकलेली आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

अनुवादाच्या पुस्तकात वचनदत्त भूमीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लोकांना मोशे सावध करतो. तेथे त्यांना आयती घरे मिळणार होती आणि त्यांनी स्वतः न खोदलेल्या विहिरी मिळणार होत्या. धोका होता तो तेथेच. अरण्यात पाण्यासाठी कुरकुर करणारे हे लोक समृद्धीत विसराळू होतील, हे त्याने ओळखले होते. आपणही न खोदलेल्या विहिरींचेच पाणी पितो. त्यामुळे संत थॉमस यांची तिसरी पायरी, फेडीची, आपल्याला चुकवता येत नाही. ज्यांनी तानसा बांधले, त्यांची फेड आता कोणी करू शकत नाही. परंतु पुढच्यांसाठी काही राखून ठेवणे हीच मागच्यांची फेड असते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी सुमारे वीस लिटर पाणी घालवतो, म्हणजे एक भरलेला हंडा आणि वर थोडे. तो नळ आज दुरुस्त करावा. वाडीतले बावखल बुजवून त्यावर चाळ उठवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत सोडावे. दारी आलेल्या टपालवाल्याला, गॅसची टाकी आणणाऱ्याला न मागता पाणी विचारावे. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या त्या कर्मचाऱ्याचे नाव माहीत करून घ्यावे आणि नाताळच्या फराळाचे एक ताट त्याच्याकडे जावे.

आणि एक छोटा पाठ घरच्या घरी गिरवता येईल. संध्याकाळची जपमाळ संपल्यावर कधीतरी मुलांना विचारावे, “आज आपल्या घरी पाणी कोणी आणले?” पहिले उत्तर “नळाने” असेच येईल. तेथे थांबू नये. मुलांना एकेक कर्ता शोधू द्यावा: पाऊस पाठवणारा देव, धरण बांधणारे मजूर, पाणी शुद्ध करणारे, चावी फिरवणारा, गटारात उतरणारा. सूर्येच्या काठच्या ज्या घरातली लेक आजही डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते, त्या घरापर्यंत ही यादी पोहोचली, म्हणजे त्या दिवसाचा पाठ झाला असे समजावे. उरलेली प्रार्थना मग मुले स्वतःच करतील.